नवा ४७ एचपी ट्रॅक्टर, एक ऊस हंगाम चालवून झाल्यावर (निपाणी भाग)

गेल्या दसऱ्याला म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ ला आम्ही नवा ट्रॅक्टर घेतला, आज मीटरवर ६१२ तास झालेत, त्यात रोटर (रोटाव्हेटर) झाला, पलटी नांगर झाला, सरी सोडून झाली आणि अख्खा हंगाम कारखान्याला ऊस ओढून झाला. पावणेपै, भावकीतली पोरं सगळी विचारायलेत कसा आहे म्हणून, एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं आणि शोरूमचं नाव घालत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही नव्या ट्रॅक्टरला लागू होतंय आणि नाव घातलं की कुठली कंपनी भारी यावरच भांडण लागतंय.

पहिलं, ४७ च का. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम फोर, म्हणजे इंजिनाच्या धुराचा कडक नियम, लागू झालाय, त्यामुळं त्यात कॉमन रेल इंजिन, सेन्सर, वायरिंग असलं सगळं आलं आणि किंमतही वर गेली. इंजिन चांगलंच असतंय ते, पण उद्या ऐन हंगामात काय झालं तर आमच्या गावात ते उघडणारा मेस्त्री नाही. ४७ मध्ये साधा डिझेल पंप, तीन सिलेंडर, पॉवर स्टेअरिंग, ऑइल ब्रेक, आमच्या सहा एकराला आणि भाड्याच्या कामाला बास. दुसरं म्हणजे २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यावर आला, आमचे त्यात पन्नासेक हजार वाचले, आण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले आता थांबायचं नाही.

आता शोरूमबद्दल. दसऱ्याचा दिवस, एका रांगेत नवे ट्रॅक्टर उभे, हार, नारळ, पेढे, चावी हातात देताना फोटो, बाहेर पुढचं गिऱ्हाईक थांबलेलं. वागणूक चांगली होती, खोटं बोलणार नाही, कागदं वेळेत आली, केए-२३ चा नंबर पण लवकर पडला. पण सात-आठ लाखाची वस्तू देताना ती चालवायची कशी हे अर्धा तास बसून कोण सांगितलं नाही. "सावकार तुमच्याकडं आधी जुना होताच की, तुम्हाला काय सांगायचं" एवढंच. आणि आम्हालाही तसंच वाटलं, वीस वर्षं ट्रॅक्टर आहे घरात, काय सांगणार आम्हाला. आमचा भाग कर्नाटकात, त्यामुळं माहितीचं पुस्तक दिलं ते कन्नडात होतं. माझं शिक्षण मराठी शाळेत, कन्नड बोलायला येतंय, बोर्ड वाचतोय, पण असलं टेक्निकल वाचायला जमत नाही, म्हणून ते पुस्तक तसंच प्लास्टिकच्या पिशवीत देवळीत जाऊन पडलं, तिथंच पडून राहिलं असतं.

पुस्तक बाहेर कसं आलं ते सांगतो.

मीटरवर तीसेक तास झाले असतील. धाकट्या भावानं दिवसभर सोयाबीन काढलेल्या रानात कल्टिव्हेटर मारला. रानाच्या टोकाला वळताना आपण एकाच बाजूचा ब्रेक दाबतो, उजवीकडं वळायचं तर उजवा, म्हणजे जागच्या जागी वळतंय. त्यासाठी ब्रेकच्या दोन पेडलांना एकत्र जोडणारा मधला खटका उघडा ठेवावा लागतो. संध्याकाळी कल्टिव्हेटर सोडला, रिकामी ट्रॉली जोडली आणि तो वैरणीला निघाला, खटका उघडाच. ओढ्याकडच्या उतारावर शेरडं आडवी आली म्हणून त्यानं ब्रेक मारला, पाय एकट्या उजव्यावर पडला. एक चाक थांबलं, एक फिरतंय, मागून ट्रॉली ढकलतीया, ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडं फिरला आणि पुढचं चाक चरीच्या वर लोंबकळत थांबलं. स्पीड जास्त नव्हता, ट्रॉली रिकामी होती म्हणून भाऊ आज घरात आहे. ट्रॉलीत ऊस असता तर मला हे लिहायला जमलं नसतं. घरी आला तेव्हा पाणी प्यायचा तांब्या त्याच्या हातात राहीना.

त्या रात्री आठवीतली पुतणी, ती कन्नड शाळेत आहे, तिनं ते पुस्तक काढलं आणि एकेक पान वाचून मराठीत सांगितलं, आम्ही तिघं बाप-लेक समोर बसून ऐकलं. सुरुवातीच्या पानातच चित्र होतं, ब्रेकच्या दोन पेडलांच्या मधली बोटभर लोखंडी पट्टी, म्हणजे तोच खटका, आणि खाली लिहिलेलं की रस्त्यावर येण्याआधी दोन्ही ब्रेक जोडायचे. वीस वर्षांत आम्ही खटका लावायचो पण आठवण झाली तर. दुसऱ्या दिवशी मी त्या पट्टीला लाल ऑइलपेंट मारला, आता खाली उभं राहून पण दिसतंय लागलाय का नाही. शेताच्या बांधावरून चाक रस्त्यावर यायच्या आत पट्टी खाली, हा आमच्या घरचा नियम झालाय, भाड्याचा ड्रायव्हर असला तरी त्याला पण.

५० तासाच्या सर्व्हिसला कंपनीचा मेस्त्री घरी आला, संकेश्वरकडचा, मराठी-कन्नड मिसळून बोलणारा. ह्या माणसाला मी पाचात पाच देतो. ऑइल, फिल्टर बदलला ते तर सगळेच करतात, पण ह्यानं दोन्ही ब्रेकचा फ्री प्ले, म्हणजे ब्रेक धरायच्या आधी पेडल किती मोकळं खाली जातंय ते, मोजून सारखा करून दिला. म्हणाला, "खटकं लावून काय उपयोग री, एक ब्रेक आधी धरला आणि एक मागनं धरला तर गाडी वडतंयच की." मोकळ्या रस्त्यावर नेऊन दोनदा ब्रेक मारून दाखवला, मागं जाऊन दोन्ही चाकांच्या खुणा बघितल्या. शोरूमात जे व्हायला पाहिजे होतं ते ह्या मेस्त्रीनं आमच्या अंगणात केलं.

ते पहिले ५० तास आमचे योगायोगानं चांगले गेले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऊसदराचं आंदोलन पेटलेलं, गुर्लापूर क्रॉसला शेतकरी बसलेले, गाळप अडलं, त्यामुळं नव्या इंजिनावर लगेच भरलेल्या ट्रॉल्यांचा बोजा पडला नाही. नवीन ट्रॅक्टर आणला की दुसऱ्या दिवशी दोन ट्रॉल्या लावून फुल रेसमध्ये पळवणारे लई बघितलेत. तसं पण नको आणि नुसता स्लोवर घरघर ठेवणं पण नको, हलकं-मध्यम काम, रेस कमी-जास्त करत चालवायचं, म्हणजे पिस्टन रिंगा नीट बसतात. आणि चाकांचे नट. मीटरवर १८ तास झालेले तेव्हा सकाळी पुसताना दिसलं की मागच्या डाव्या चाकाच्या एका नटाभोवतीचा रंग खरवडून पत्रा चकाकायलाय. पान्हा लावला तर तो आणि त्याच्या शेजारचा, दोन नट अर्धा आटा फिरले. नव्यात नट बसतात, ढिले पडतात, कंपनीची चूक म्हणत नाही मी, पण पहिला आठवडाभर रोज पान्हा लावून बघा एवढं कोणीतरी चावी देतानाच सांगायला पाहिजे होतं.

काम कसं करतो, ते थोडक्यात. सहा फुटी रोटर आमच्या वेदगंगेकाठच्या काळ्या रानात पण आरामात ओढतोय, डिझेल तासाला साडेपाच-सहा लिटर जातंय, कल्टिव्हेटरला चारच्या आसपास. लिफ्ट दमदार आहे. तंबाखूच्या रानातला खोडका मोडायला एकच पाळी बास झाली. सीट मात्र कडक आहे, चार तासानंतर कंबर बोलतीया.

ट्रॉलीचं मात्र सविस्तर लिहितो कारण आपल्याकडं माणसं तिथंच मरतात. दोन ट्रॉल्या, वीसेक टन ऊस, आणि त्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत, थांबवायचं सगळं ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी. ऊसतोडीचे टोळीवाले भरताना म्हणतात अजून चार मोळ्या घाला मालक, खेप वाचंल. आम्ही एकदा ऐकलं, चढाला लागल्यावर पुढची चाकं हलकी झाली, स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळेना, सरळच जायला लागला. त्या दिवसापासून ठरलं, आण्णा काट्यावरची पावती बघतात आणि ठरलेल्या टनाच्या वर गेलं की दुसऱ्या दिवशी टोळीच्या मुकादमाला सांगून कमी करतात. पुढं वजनं पण बसवलीत. ट्रॉली फक्त खालच्या हुकाला. चिखलात रुतल्यावर कोण कोण टॉप लिंकच्या जागेला, म्हणजे मागच्या वरच्या जोडाला, साखळी बांधून ओढतात, चाक अडकलेलं असतंय आणि ओढ वरून बसती, मग ट्रॅक्टरच पुढून उचलून पाठीमागं उलटतोय, सेकंद-दीड सेकंदाचा खेळ, उडी मारायला पण वेळ मिळत नाही. रुतला तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा, तासभर गेला तर गेला.

तवंदी घाट एकदा उतरावा लागला, बहिणीच्या गावाकडचा ऊस आणायला. वरच थांबून, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये टाकला आणि खालीपर्यंत हात गिअरला लावला नाही, क्लचवर पाय नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे डोळ्यांनी बघितलेत मी त्याच उताराला, मागं वीस टन घेऊन. हात जोडून सांगतो, असं करू नका.

लाईट. रात्री अंधारात ट्रॉली दिसत नाही, उसाची वाढी (शेंड्याचा पाला) मागं लोंबत असतात, त्यात रिफ्लेक्टर झाकून जातात, आणि मोटारसायकलवाला सरळ येऊन धडकतो. आपल्या भागात दर हंगामात हे होतंय. ट्रॅक्टरच्या मागं सात पिनचा सॉकेट कंपनीनंच दिलेला असतो, ट्रॉलीच्या लाईटसाठीच तो आहे, पण त्यात कोण काय जोडत नाही, धूळ भरून जातोय. आम्ही निपाणीत इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही ट्रॉल्यांना लाल लाईट, इंडिकेटर ओढून घेतले, दोन हजाराच्या आत खर्च आला. रिफ्लेक्टर वाढीच्या खाली, चेसिसवर लावलेत, रोज फडक्यानं पुसतो. आणि गाण्याचा टेप काढून टाकला. भावाला वाईट वाटलं पण मागच्याचा हॉर्न ऐकू यायला पाहिजे.

पीटीओचं आता, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं रोटर फिरवायला इंजिनाची ताकद देणारा जो दांडा असतोय त्याचं. रोटरच्या शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर येतंय, दोन्ही टोकाला बारक्या साखळ्या असतात, त्या अडकवल्या की शाफ्ट फिरतोय पण कव्हर फिरत नाही. ग्रीस घालायला अडचण होती म्हणून पहिल्याच महिन्यात लोक ते काढून गोठ्याच्या छपरावर टाकतात. आमच्या शेजारच्या चार ट्रॅक्टरांत एकालाही नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. आपल्या रानात बायका भांगलायला, उसाचं बी टाकायला असतात, पदर असतोय, माणसांच्या खांद्यावर टॉवेल असतोय, एकदा टोक गुंडाळलं तर "बंद कर" म्हणेपर्यंत माणूस शाफ्टवर गेलेला असतो. म्हणून आमच्याकडं कव्हर आहे तसं, साखळ्या लावलेल्या. रोटरात कडबा, पाचट अडकलं की पीटीओ सोडायचा, इंजिन बंद, चावी खिशात, मगच खाली उतरून हात घालायचा. उचललेल्या रोटरखाली पाती बदलायला जायचं असेल तर लाकडाचा ओंडका दिल्याशिवाय नाही, लिफ्ट नवी आहे म्हणून तिच्यावर विसंबू नये.

आणि मडगार्डवर कोणाला बसवायचं नाही. हे पाळायला सगळ्यात अवघड गेलं, म्हातारी माणसं हात करतात, शाळेची पोरं पळत येतात. पुतणीच आता सांगतीया सगळ्यांना, पुस्तकात एकच सीट आहे म्हणून.

देखभालीत एअर क्लीनर सगळ्यात महत्त्वाचा. आमचा ऑइल बाथ आहे, म्हणजे खालच्या वाटीतल्या ऑइलात हवेतली धूळ अडकती. डिसेंबरात उसाच्या फडात आणि पाणंदीला धूळ घोट्याएवढी, पाच दिवसांनी वाटी उघडली तर तळाला बोटाच्या पेराएवढा गाळ, पिठल्यासारखा घट्ट. तो गाळ इंजिनात गेला असता. तेव्हापासून हंगामात रोज सकाळी वाटी बघायची, खुणेपर्यंतच ऑइल, वर नाही, जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतंय. रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुगा बसतोय, तो इंजिनाकडच्या बाजूनं बाहेर हवा मारून काढायचा. गरम असताना टोपण उघडायचं नाही. डिझेल संध्याकाळीच भरून ठेवतो, रात्री रिकाम्या टाकीत पाणी धरतंय म्हणून.

तक्रारी दोनच. पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनचा ग्रीस निपल अशा जागी दिलाय की ग्रीस गनचं तोंड तिरकंच बसतं, अर्धं ग्रीस बाहेर येतंय, शेवटी लवचिक पाईपची गन आणावी लागली. आणि ३०० तासाची सर्व्हिस ऐन हंगामात आली तेव्हा चार दिवस वाट बघायला लावली, खेपा बुडाल्या. ५५० ची आम्ही पंधरा दिवस आधी फोन करून ठेवली, वेळेत झाली.

ट्रॅक्टरला साडेचार स्टार, मेस्त्रीला पाच, डिलिव्हरीला दोन. ऑगस्टमध्ये घरात दुसरं नवीन गिऱ्हाईक तयार होतंय, आतेभाऊ पण ट्रॅक्टर घेणार म्हणतोय. त्याला सांगून ठेवलंय, पूजा झाली की हार काढायच्या आधी त्यांच्याच माणसाला सीटवर बसवायचं आणि खटका, पीटीओ, सॉकेट हाताला हात लावून दाखवायला सांगायचं, पुस्तक मराठीत मागायचं, आणि नाही मिळालं तर आमच्या पुतणीला घेऊन जायचं.