बाखचे कॅन्टाटा: आधी लेबलचा ऑडिओ संच घ्यावा की टीव्हीसाठी झालेलं चित्रण बघावं?

अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख ऐकायचाय पण सुरुवात कुठून करू, ऑडिओ घेऊ की व्हिडिओ, असं बरेच जण विचारतात. तर सोली देओ ग्लोरिया या छोट्या स्वतंत्र लेबलचा (म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा) कॅन्टाटांचा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या छोट्या रचनांचा, संच आणि त्याच गायक-वादकांचं टीव्हीसाठी झालेलं ख्रिसमस ऑरेटोरिओचं, म्हणजे ख्रिसमसची गोष्ट सांगणाऱ्या मोठ्या रचनेचं, चित्रण, या दोन्हींबद्दल लिहितो. दोन्हींत रचना वेगवेगळ्या आहेत हे मान्य, पण वाद्यवृंद तोच, गायकवृंद तोच, ज्या दौऱ्यात हे झालं तो प्रवासही तोच, म्हणून तुलना करता येते.

लेबलची गोष्ट आधी, कारण ती ऐकली की संचाकडे बघायची नजरच बदलते. २००० साली बाखला जाऊन २५० वर्षं झाली. तेव्हा इंग्लिश संगीत-संचालक जॉन एलियट गार्डिनरने मॉन्टेव्हर्डी क्वायर हा गायकवृंद आणि इंग्लिश बरोक सोलोइस्ट्स हा वाद्यवृंद यांना घेऊन वर्षभर गावोगावच्या चर्चमध्ये बाखचे आज उपलब्ध असलेले सगळे धार्मिक कॅन्टाटा सादर केले, आणि तेही जो कॅन्टाटा ज्या रविवारसाठी किंवा सणासाठी लिहिलाय तो शक्यतो त्याच दिवशी. एका मोठ्या कंपनीशी, डॉइच ग्रामोफोनशी, रेकॉर्डिंगचं ठरलं होतं, पण त्यांनी बहुतेक भागातून अंग काढून घेतलं. तरी या लोकांनी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं आणि २००५ मध्ये सरळ स्वतःचं लेबल काढलं. बाख हस्तलिखिताच्या शेवटी एस. डी. जी. अशी अक्षरं लिहायचा, म्हणजे सोली देओ ग्लोरिया, सारं श्रेय फक्त देवाला, तेच लेबलचं नाव. आणि संचाच्या पहिल्याच भागाला ग्रामोफोन या ब्रिटिश मासिकाचा त्या वर्षीच्या सर्वोत्तम रेकॉर्डचा मान मिळाला! मला आजही हे वाचून भरून येतं.

चित्रण मात्र लेबलच्या आधीचं आहे. डिसेंबर १९९९, जर्मनीतल्या वायमार गावचं हेर्डर चर्च, प्रवासाची सुरुवातच तिथून झाली. ते टीव्हीसाठी चित्रित झालं आणि पुढे डीव्हीडीवर आलं.

आता चित्रणात काय मिळतं ते सांगतो. ख्रिसमस ऑरेटोरिओच्या दुसऱ्या भागाची सुरुवात नुसत्या वाद्यांची आहे, मेंढपाळांच्या रात्रीचं संगीत, आणि त्यात एक जाड, थोडा घोगरा, ऊबदार आवाज सतत येत राहतो. मी हे आधी नुसतं ऐकलं होतं आणि कितीतरी दिवस तो आवाज हॉर्न या पितळी वाद्याचा असेल असं धरून चाललो होतो. व्हिडिओ बघितल्यावर कळलं की तो ओबो या सनईसारख्या वाद्याच्या घराण्यातला ओबो दा काच्चा आहे, कोयत्यासारखा वाकडा, वर चामडं गुंडाळलेलं आणि टोकाला पितळेचं फुलासारखं तोंड. एकदा डोळ्यांनी बघितल्यावर आता हा आवाज कुठेही आला की लगेच ओळखू येतो. बाखच्या काळची वाद्यं आपल्या ओळखीची नसतात, आणि ट्रम्पेटला दाबायच्या कळा नसताना नुसत्या ओठांवर आणि श्वासावर सूर काढायचा म्हणजे किती जोखीम आहे, हे वाजवणाऱ्याचा चेहरा बघितल्याशिवाय पटत नाही. वर सबटायटल्स असल्यामुळे जर्मन न येणाऱ्याला अर्थही तिथल्या तिथे समजतो.

पण एक अडचण आहे आणि ती माझ्या मते मोठी आहे. बाखच्या कोरसमध्ये, म्हणजे समूहगानात, एकाच वेळी चार-पाच गोष्टी चालू असतात आणि कॅमेरा त्यातली एकच दाखवतो, सोप्रानोंवर, म्हणजे सगळ्यात उंच आवाजांवर, गेला की कान आपोआप सोप्रानोंकडे जातो, तेवढ्यात खाली बासमध्ये, म्हणजे खर्जातल्या आवाजांत, काहीतरी सुंदर होऊन गेलेलं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. शिवाय टीव्हीच्या प्रसारणात आवाजाचे चढउतार बऱ्याचदा थोडे दाबलेले असतात, त्यामुळे अगदी हळू आणि अगदी जोरात यातला फरक कमी होतो.

इथे लेबलचा संच पुढे जातो. संचाच्या पहिल्या भागातला ३९ क्रमांकाचा कॅन्टाटा घ्या, भुकेल्याला आपली भाकर मोडून दे असे शब्द आहेत. सुरुवातीला बासरीच्या जातीचे दोन रेकॉर्डर, मग ओबो, मग तंतुवाद्यं, दोन-दोन सुटे स्वर एकमेकांकडे देत जातात, जणू तुकडा मोडून पुढच्याच्या हातावर ठेवतायत. हेडफोन लावून डोळे मिटून ऐका, ते देणंघेणं खोलीत इकडून तिकडे फिरताना ऐकू येतं. रेकॉर्डिंग प्रत्यक्ष चर्चमधलं आहे, त्यामुळे दर काही दिवसांनी चर्च बदलतं तसा घुमारा बदलतो, आणि क्वचित एखादा सूर थोडा ओढलेला लागतो. मला तो आवडतो. ज्यांना हे खटकेल त्यांनी बीआयएस या स्वीडिश लेबलसाठी जपानी संगीत-संचालक मासाआकी सुझुकीने केलेली याच कॅन्टाटांची ५५ भागांची मालिका घ्यावी, ती १९९५ ते २०१३ अशी सावकाश, जपानमध्ये कोबेच्या एकाच चॅपलमध्ये झाली, आवाज सगळीकडे नितळ आणि एकसारखा.

लेबलच्या संचासोबतच्या पुस्तिकेबद्दल थोडं. गार्डिनरने प्रवासात लिहिलेल्या नोंदी आणि गाण्यांचे शब्द भाषांतरासकट त्यात आहेत, म्हणून नुसतं स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर शब्द आधी शोधून समोर ठेवा, नाहीतर अर्धा बाख हातातून जातो.

तुम्ही अगदीच नवीन असाल तर माझं मत स्पष्ट आहे, आधी वायमारचं चित्रण बघा, सहाही भाग एका बैठकीत नको, बाखनेही ते १७३४-३५ च्या सणात सहा वेगळ्या दिवसांसाठीच लिहिलेत. नंतर ऑडिओकडे या. वाद्यं आधीच ओळखीची असतील, किंवा ऐकताना पडद्याने लक्ष विचलित होत असेल, तर थेट लेबलचा संच. फक्त ५६ सीडींचा अख्खा डबा पहिल्याच दिवशी घेऊ नका, पहिला भाग घ्या, त्यातली दुसरी सीडी लावा, ३९ क्रमांक तिच्यातच आहे.