लो रेंज, पहिला गिअर, पाय वर: तीन डिझेल इंजिनं काही महिने चालवल्यावर

फोर बाय फोर घेताना ब्रोशरवरचा टॉर्कचा (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा) आकडा सगळे बघतात, आणि तो मोठा असला की गाडी दगडधोंड्यातून सहज वर जाईल असं गृहीत धरतात. काही महिने तीन वेगवेगळी डिझेल इंजिनं आलटूनपालटून चालवल्यावर माझं मत असं झालंय की ताशी तीन-चार किलोमीटरच्या वेगात गाडी किती खेचते, हे त्या आकड्यावरून जवळजवळ कळतच नाही. तो आकडा बहुतेक १,४००-१,६०० आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) पुढचा असतो. खडकावर चढताना इंजिन ८०० ते १,३०० मध्ये असतं, आणि तिथलं ब्रोशरमध्ये काही छापलेलं नसतं.

तीन गाड्या अशा. माझी स्वतःची २.२ लिटर, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा), कॉमन रेल (डिझेलचा फवारा संगणकावर चालणारी), मॅन्युअल. मेव्हण्याकडची जुनी, सहा सिलिंडरची, ४.२ लिटर, टर्बो नाही, डिझेल पंप पूर्ण यांत्रिक. आणि कामाच्या साइटवरची २.८ लिटर टर्बो ऑटोमॅटिक. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. नाव आलं की इंजिनाचं राहतं बाजूला आणि लोक आपापल्या कंपनीची बाजू लढवत बसतात.

जुन्या गाडीपासून सुरुवात करतो, कारण या विषयात मोजपट्टी तीच आहे. लो रेंज (सगळे गिअर आणखी हळू आणि जोरकस करणारा जादा गिअर), पहिला गिअर, क्लच सोडायचा आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवायचे. गाडी आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालायला लागते. समोर गुडघ्याएवढा धोंडा आला तरी ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावावा लागत नाही. चाक धोंड्याला टेकतं, इंजिनाचा आवाज क्षणभर खोल जातो, धक्के एकेक मोजता येतील इतके सुटे ऐकू येतात आणि गाडी वर. आरपीएम पडला की पंपातला गव्हर्नर आपणहून डिझेल वाढवतो. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवून ताकद कमी-जास्त करत नाहीत. सिलिंडरमध्ये हवा पूर्ण येते, फक्त डिझेल कमी-जास्त होतं. ४.२ लिटरच्या पोटात आयडललासुद्धा एवढी हवा असते की वाढवलेलं डिझेल तिथल्या तिथे नीट जळतं. वर भलंमोठं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक. छोटा अडथळा तर नुसत्या त्याच्या फिरण्याच्या जोरावर पार होतो.

कागदावर मात्र असलं इंजिन बिचारं दिसतं. याच जातीचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लँड क्रूझर ७० मालिकेतलं टोयोटाचं १एचझेड. ४.२ लिटर, सहा सिलिंडर, आणि टॉर्क २८५ न्यूटन-मीटर, तोही २,२०० आरपीएमला. महिंद्रा थारच्या २.२ लिटर डिझेलचा टॉर्क ३०० आहे, तोही १,६०० पासून. निव्वळ आकडे पाहिले तर निम्म्या आकाराचं इंजिन जिंकतं. पण टर्बो नसलेल्या मोठ्या इंजिनाचा टॉर्क खालपासून जवळजवळ सपाट असतो, १,००० ला जे मिळतं ते कमाल आकड्यापासून फार लांब नसतं. टर्बोवाल्या छोट्या इंजिनाचा आलेख पायरीसारखा असतो, आणि आपण हळू जातो तेव्हा पायरीच्या खाली असतो.

आता माझी २.२. रस्त्यावर तक्रारीला जागाच नाही, १,७०० च्या पुढे ही गाडी जुन्या सहा सिलिंडरला लाजवते. १,४०० च्या खाली मात्र वेगळं इंजिन आहे असं वाटतं. कारण सरळ आहे. टर्बो फिरत नाही तोवर हे फक्त २.२ लिटर हवा ओढणारं इंजिन असतं, म्हणजे जुन्याच्या साधारण निम्मी हवा. त्यात काळा धूर होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवेच्या मानानेच डिझेल सोडतो. पाय पूर्ण दाबला तरी हवा येईपर्यंत जास्त डिझेल मिळत नाही. शिवाय आजकालच्या कॉमन रेल इंजिनांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) १५-१६ च्या आसपास असतं, जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शनवाल्यांचं २० च्या पुढे असायचं, त्यामुळे टर्बो येण्याआधीची ओढ आणखी कमी. टर्बोची पाती वळवून कमी एक्झॉस्टमध्येही तो लवकर फिरवण्याची सोय, म्हणजे व्हीजीटी, बरीच मदत करते, पण आयडललाच टर्बो जोरात फिरेल एवढा एक्झॉस्टच नसतो.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. ओल्या खडकाची पायरी, पुढची दोन्ही चाकं एकदम टेकलेली. काटा ९०० वरून ७०० वर येतो, ईसीयू आयडल धरून ठेवायला डिझेल ढकलतो, बॉनेट थरथरतं. इथून पुढे दोनच गोष्टी होतात: गाडी दात-ओठ खाऊन वर जाते, नाहीतर खडखड करून बंद पडते. थोडी रेस दिली तर अर्धा सेकंद काहीच होत नाही आणि मग टर्बो एकदम येतो, चाकं फिरतात, पकड सुटते. म्हणून आता अशा जागी मी आधीच १,२००-१,३०० धरून ठेवतो आणि पाय हलवत नाही. अडथळा आल्यावर रेस वाढवायची नाही, तो यायच्या आधी वाढवायची.

हे सगळं वाचून छोटं टर्बो इंजिन कुचकामी वाटेल, पण तसं नाही, आणि त्याचं श्रेय लो रेंजला आहे. एक गणित मांडतो. पहिला गिअर ४, डिफरन्शिअल (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) ३.७, लो रेंज २.५ धरा. एकूण गुणोत्तर ३७. हाय रेंजमध्ये तेच १४.८. समजा १,००० आरपीएमला इंजिन फक्त १२० न्यूटन-मीटर देतंय. लो रेंजमध्ये चाकांवर होतात ४,४४०. हाय रेंजमध्ये एवढेच मिळवायला इंजिनाला पूर्ण ३०० द्यावे लागतील, म्हणजे टर्बो जोरात आणि क्लच जळत. ब्रोशरवरचा अख्खा आकडा एका लिव्हरमध्ये आहे. चाकाची त्रिज्या ०.३८ मीटर धरली तर हा जोर ११,७०० न्यूटनच्या आसपास जातो, गिअर-शाफ्टमधली गळती वजा करून दहा हजारांच्या थोडा वर. दोन टनांची गाडी ३० अंशांच्या चढावर नुसती धरून ठेवायला ९,८०० लागतात. म्हणजे जमतं, पण काठावर. त्या चढावर मध्येच एक धोंडा आला की गाडी का बंद पडते, हे या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. जुन्या सहा सिलिंडरकडे तिथे शिल्लक असते.

याच गुणोत्तराला ८०० आरपीएमवर लो रेंजमध्ये वेग येतो ताशी सुमारे ३ किलोमीटर, हाय रेंजमध्ये पावणेआठ. खडकावर पावणेआठ म्हणजे गाडी आपटणार. म्हणून दोन गाड्यांची तुलना करायची असेल तर टॉर्कच्या आधी पहिला गिअर, डिफरन्शिअल आणि लो रेंज यांचा गुणाकार करून बघा. जीप रँग्लर रुबिकॉनची लो रेंज ४ आहे, थारची २.४८. इंजिन तेच ठेवून केवळ एवढ्यानेच गाडीचा स्वभाव बदलतो.

ब्रोशरमध्ये उपयोगाचं काही असेल तर ते म्हणजे टॉर्क कुठून सुरू होतो तो आरपीएम. फोर्स गुरखाचं जुनं २.६ लिटर फक्त २५० न्यूटन-मीटरचं, पण १,४०० पासून. नव्यात ३२० झाले आणि सुरुवात १,४०० लाच राहिली. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. इसुझू व्ही-क्रॉसच्या १.९ चे ३६० ऐकायला भारी, पण ते २,००० ते २,५०० मध्ये. फॉर्च्युनरचं २.८ मॅन्युअलला ४२० देतं आणि ऑटोमॅटिकला ५००, पण मॅन्युअलचे ४२० सुरू होतात १,४०० ला आणि ऑटोमॅटिकचे ५०० सुरू होतात १,६०० ला.

साइटवरच्या ऑटोमॅटिकने माझं मॅन्युअलप्रेम बरंच कमी केलं. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा, तेलातून ताकद पोचवणारा भाग) चाकं थांबलेली असतानाही इंजिनाला १,७००-१,८०० पर्यंत जाऊ देतो, म्हणजे कमी आरपीएमचा ताकदीचा खड्डा ओलांडूनच खेचायला सुरुवात होते. शिवाय त्या क्षणी तो टॉर्क जवळजवळ दुप्पट करून पुढे देतो. बंद पडायचा प्रश्नच नाही. खडकावर डाव्या पायाने ब्रेक हलका धरून उजव्याने रेस द्यायची, गाडी इंचाइंचाने सरकते. तोटे दोन. घसरत्या कन्व्हर्टरमध्ये सगळी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात जाते, त्यामुळे असलं काम लो रेंजमध्येच करावं. आणि उतारावर ती मॅन्युअलसारखी इंजिनावर धरून राहत नाही. हिल डिसेंट, म्हणजे उतारावर आपोआप ब्रेक लावणारी सोय, करकर करत ब्रेक मारतं, काम होतं, पण मला लो रेंज-पहिला गिअरचा तो शांत उतार जास्त आवडतो. चढाला ऑटोमॅटिक, उताराला मॅन्युअल, असं माझं सरळ मत.

एक गोष्ट मात्र फार कमी लोक बोलतात. ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद खातं. ज्याखाली पकड नाही ते चाक गरगर फिरायला लागलं की यंत्रणा त्याला ब्रेक लावते, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या चाकाला जोर मिळतो. पण साध्या डिफरन्शिअलमध्ये दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क जातो. पकड असलेल्या चाकाला जेवढा हवा, तेवढाच ब्रेकमध्ये जाळावा लागतो. म्हणजे इंजिनाकडून जवळजवळ दुप्पट मागणी, तीही नेमकी कमी आरपीएमवर. माझी २.२ अशा वेळी धापा टाकते. डिफरन्शिअल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जखडणारी सोय) असेल तर हा अपव्ययच होत नाही, म्हणून लॉक असलेली कमी ताकदीची गाडी लॉक नसलेल्या दांडगटाला खडकात मागे टाकू शकते. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक असल्यामुळे २५० न्यूटन-मीटर कमी का वाटत नव्हते, याचं उत्तर इथे आहे.

वाळूत सगळं उलटं. तिथे खालची ओढ कामाची नाही, गती लागते. टायरची हवा १८ पीएसआयच्या आसपास, लो रेंजचा दुसरा-तिसरा, काटा २,००० च्या वर. तिथे टर्बो इंजिनं मजेत आणि जुनी सहा सिलिंडर धापा टाकत. उंचीवरही जुनीचा मान उतरतो: ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या घरात, त्यामुळे ताकदही साधारण तेवढीच उरते. टर्बोवाली वरच्या आरपीएमला हे भरून काढते, पण टर्बो येण्याआधीचा खड्डा तिथे आणखी खोल होतो. लँड क्रूझर असो की काही, विरळ हवेत क्लच सोडताना हात जरा राखूनच.

हळू चालवण्याची किंमतही असते. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी गाळणी) असलेली गाडी दिवसभर लो रेंजमध्ये रांगली की एक्झॉस्ट तापत नाही आणि काजळी साठत जाते. ती जाळायला ५५०-६०० अंश लागतात. म्हणून अशा दिवसानंतर अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर २,००० च्या वर चालवून आणतो, आणि जाळणं चालू असेल तर गाडी मध्येच बंद करत नाही. दुसरं, ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील. वरच्या गिअरमध्ये १,००० ला पाय दाबून गाडी ओढत राहिलं की त्याच्या स्प्रिंगांचं आयुष्य कमी होतं. लो रेंज लावायला दहा सेकंद लागतात, आळस करू नये.

टेस्ट ड्राइव्ह घेणाऱ्यांनी एकच करून बघावं. विक्रेत्याला गाडी चढावर घ्यायला लावा, लो रेंज, पहिला गिअर, क्लच सावकाश सोडा आणि पाय वर. रेस न देता गाडी चढते का, काटा किती खाली येतो, थरथर किती. दोन मिनिटांत कळतं. रीमॅप (ईसीयूची सेटिंग बदलणं) किंवा ट्यूनिंग बॉक्समधून हे सुधारेल ही आशा ठेवू नका. कमाल आकडा वाढतो, पण खाली हवाच नसेल तर डिझेल ओतून फक्त धूर येतो.

माझ्या गाडीला ३३ इंची टायर लावायचं मनात आहे. मूळचे साडेतीस इंचांचे आहेत, म्हणजे गुणोत्तरातले आठ टक्के गेले, आणि वरच्या गणितातली काठावरची शिल्लक तेवढीही नाही. डिफरन्शिअलचे गिअर बदलून मिळाले तरच टायर, नाहीतर आहेत तेच झिजवणार.