१४४१६: दुसऱ्यासाठी फोन करावा लागला तेव्हा

सदाशिव पेठेत माझी मेस आहे. जेवायला येणारी बहुतेक मुलं एमपीएससीची. दिवसभर अभ्यासिका, दोन वेळ माझ्याकडे पोळी-भाजी. निकालाच्या आठवड्यात कोण जेवतंय आणि कोण नुसतं ताट चिवडतंय, हे त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळतं. अशाच एका मुलासाठी मी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला होता. त्या सेवेबद्दल लिहितेय, त्याला विचारूनच.

आधी माहिती. ही केंद्र सरकारची सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीसह वीस भाषांत बोलता येतं. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतात, गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. बऱ्याच जणांना वाटतं की ज्याला त्रास होतोय त्यानेच फोन करायचा असतो. तसं नाही. मी त्याची कोणीच लागत नव्हते, मेसवाली काकू म्हणूनच फोन केला.

मुलगा मराठवाड्यातला, शांत. मेन्सचा निकाल लागला आणि त्याचा डबा भरलेला परत यायला लागला. नंतर कळलं, सगळ्या नोट्स आणि पुस्तकं त्याने ज्युनिअर मुलांना वाटून टाकली. एका रात्री गल्ल्याशी येऊन म्हणाला, "काकू, माझा सगळा हिशोब मिटवून टाका. कुणाचं काही ठेवायचं नाहीये." महिना संपायला अजून बरेच दिवस होते. गावी निघालास का विचारलं, तर नाही म्हणाला. भांडी आवरता आवरता ते वाक्य डोक्यातून जाईना.

फोन लागल्यावर भाषा निवडली. पलीकडे एक मुलगी होती, आवाजात कसलीही घाई नाही. मी सांगितलेलं सगळं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, सगळे हिशोब पुरे करणं, ही लक्षणं गंभीरपणे घ्यायची. त्याला थेट विचारा, जीव संपवायचे विचार येतात का म्हणून." मी घाबरले. नसेल डोक्यात तर आपण विचारल्यामुळे यायचं! ती ठामपणे म्हणाली, विचारल्याने असा विचार मनात येत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. फक्त "असलं काही नाही ना रे डोक्यात?" असं विचारायचं नाही, कारण त्यावर तो "नाही" एवढंच म्हणणार. उपदेश करायचा नाही, "आईवडिलांचा विचार कर" म्हणायचं नाही, गुप्त ठेवीन असं वचन द्यायचं नाही. आणि तोवर त्याला एकटं ठेवायचं नाही.

त्याच रात्री त्याला मेसच्या मागच्या खोलीत बसवलं, चहा ठेवला आणि विचारलं. बराच वेळ तो कपाकडेच बघत होता. मग "हो" म्हणाला. मी पुन्हा नंबर लावला, फोन त्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले. आतून आधी नुसतं "हं, हं" ऐकू येत होतं, नंतर तो बोलायला लागला. खूप वेळ बोलला. रूम पार्टनर त्याच्यासोबत थांबला, सकाळी मोठा भाऊ गावाहून आला.

अडथळा भलतीकडूनच आला. खोलीचे मालक म्हणाले, "पोलीस केस होईल, आधी त्याला गावी पाठवा." असं बोलणारे पेठेत बरेच आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, उलट तिची काळजी घेणं आणि उपचार करणं ही सरकारची जबाबदारी. इथे तर मुलगा नुसता मदत मागत होता. मदत मागणं हा गुन्हा कधीच नव्हता.

भाऊ त्याला ससूनच्या मनोविकार विभागात घेऊन गेला. केसपेपर काढला, डॉक्टरांनी गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही सुरू केलं. आता तो जेवतो. पुढची परीक्षा द्यायची की नाही हे अजून ठरवलेलं नाही, आणि मीही विचारत नाही.

ही सेवा कशासाठी चांगली, तर पहिल्या रात्रीसाठी. काय बोलावं ते सुचत नसतं तेव्हा शब्द देणारं कुणीतरी भेटतं. पण फोन म्हणजे उपचार नव्हे. औषध, नियमित भेटी, घरच्यांची साथ हे त्यानंतर लागतंच, आणि एका फोनवर सगळं सुटेल अशी आशा कुणी धरू नये. जिवाला आत्ताच धोका आहे असं वाटलं तर मात्र फोनवर बोलत न बसता ११२ लावा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, आणि माणसाला एकटं सोडू नका.

अभ्यासिका चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. फीचे नियम जिथे चिकटवता, तिथेच १४४१६ मोठ्या अक्षरांत लावा. मी प्रिंट काढून ठेवल्या आहेत, मेसवर येऊन घेऊन जा, पैसे नकोत.