पैसे पाचपदरी खोक्यांचे, भांडी रद्दीत

जुळे सोलापुरातून पुण्याला गेलेल्या एका घराचं हे सामान. बोली झाली होती ती अशी: काचेला आणि चिनी मातीला बबल रॅपसह तीन थर, पाचपदरी खोकी, गाडी स्वतंत्र, भाडं १८ हजार, शिवाय विम्याचे ६ हजार. पुण्यात खोकी उघडली तेव्हा बारा मोठ्या प्लेटांपैकी सात फुटलेल्या, लोणच्याच्या बरणीला तळापासून तडा आणि गॅस शेगडीच्या काचेचा चुरा. पॅकर्सवाल्याचं उत्तर ठरलेलं: "रस्ता खराब, आम्ही काय करणार?"

रस्त्याचा दोष नव्हता. खोकं उघडून बघितलं की लबाडी दिसतेच. प्लेटा आडव्या, एकावर एक, मध्ये वर्तमानपत्राचं एकेक पान. बबल रॅप होता, पण फक्त सगळ्यात वरच्या प्लेटवर, म्हणजे खोकं बंद होताना मालकांना दिसला तेवढाच. आडव्या थप्पीत प्रत्येक दणक्याला वरच्या सगळ्या प्लेटांचं वजन खालच्या प्लेटेच्या मध्यावर येतं आणि ती तिथेच फुटते. उभी ठेवलेली प्लेट तोच दणका कडेवर झेलते आणि बहुधा टिकते. म्हणून प्रत्येक प्लेट वेगळी गुंडाळायची, खोक्याच्या तळाशी चार बोटं चुरगाळलेला कागद घालायचा आणि फाइली लावतात तशा प्लेटा उभ्या लावायच्या. बबल रॅपचे फुगे आतल्या बाजूला, वस्तूकडे. वर पुन्हा कागद. खोकं बंद करून हलकेच हलवा. आत खडखड आली तर उघडून पोकळी भरा. वजन १५ किलोच्या वर नेऊ नका, जड खोकं हमाल ठेवत नाहीत, टाकतात.

खोकं पाचपदरी आहे का, ते विचारायचं नसतं, बघायचं असतं. पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडेला नागमोडी थर एकच दिसला तर तीनपदरी, दोन दिसले तर पाचपदरी. या घराची सगळी खोकी तीनपदरी निघाली, त्यातही निम्मी जुनी, कोपरे मऊ पडलेली.

बरणीचं प्रकरण जरा वेगळं आहे. त्यात लोणचं तसंच ठेवलं होतं, तोंडाला फडकं बांधून वर टेप. एप्रिलात सोलापूरचा पारा चाळिशीपार, बंद पत्र्याच्या गाडीत त्याहून जास्त. तेल पातळ होऊन फडक्यातून झिरपलं, खोक्याचा तळ भिजून लगदा झाला, आणि खोकं उचलताच बरणी तळ फोडून खाली. लोणचं आणि शेंगा चटणी स्टीलच्या फिरकीच्या डब्यात काढा. बरणी रिकामी, कोरडी, झाकण वेगळं गुंडाळून. तळाला टेप एच आकारात लावा: मधल्या फटीवर एक पट्टी, दोन्ही कडांना एकेक. नुसत्या मधल्या पट्टीचा गोंद उन्हात सुटतो. घरात सोलापुरी टॉवेल असतातच, कपबशांच्या मधल्या पोकळीत तेच कोंबा.

शेगडीची काच टफन्ड असते. वरून जड पातेलं सोसते, पण कडेला नेमका टोला बसला की अख्खी चुरा होते. इथे जाळ्या आणि पितळी बर्नर न काढताच शेगडी उभी घातली होती. सुटे भाग वेगळे काढा, कडांना थर्माकोल लावा, शेगडी नेहमीसारखी आडवी ठेवा आणि तिच्यावर काहीही ठेवू देऊ नका. मायक्रोवेव्हची काचेची थाळी आणि फ्रिजमधल्या काचा बाहेर काढून वेगळ्या गुंडाळायच्या, हे सांगूनही निम्मे लोक विसरतात.

आता गाडी. सोलापूर ते पुणे साधारण २५० किलोमीटर. स्वतंत्र गाडी सकाळी निघाली तर संध्याकाळपर्यंत पोचायला हवी. सामान तिसऱ्या दिवशी आलं, म्हणजे वाटेत ते दुसऱ्या गाडीत चढवलं गेलं, आणि प्रत्येक चढ-उतार म्हणजे आणखी एक आपटाआपटी. चढवताना गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढा, उतरवताना तोच नंबर आहे का बघा. पेठेतल्या बोळात मोठी गाडी शिरत नाही, तिथे छोटा टेम्पो लागणारच. तो बदल कुठे होणार ते बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या वाहतूक पावतीवर, आधीच लिहून घ्या.

सगळ्यात मोठी थाप विम्याची. ६ हजार म्हणजे दोन लाखांच्या ३ टक्के. पावतीवर 'इन्शुरन्स' हा शब्द होता. विमा कंपनीचं नाव नाही, पॉलिसी क्रमांक नाही. ते पैसे सरळ पॅकर्सवाल्याच्या खिशात गेले. तुमच्या नावाची पॉलिसी गाडी सुटण्याआधी हातात आली नाही, तर विम्याचे पैसे देऊच नका. पॅकर्सवाल्याचा जीएसटी क्रमांकही तपासा: तो १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव-पत्ता दिसतो. पावतीवरचं नाव वेगळं निघालं तर ॲडव्हान्स देण्याआधीच थांबा.

दारात गाडी उभी करून 'मजल्याचे' साडेचार हजार वेगळे मागितले, तोवर सामान उतरवलं नाही, आणि पैसे घेऊन 'माल सुस्थितीत मिळाला' यावर सही. ही सही द्यायचीच नाही. त्याच कागदावर 'खोकी उघडून पाहिलेली नाहीत' असं लिहून मग सही करा. खोकी उघडताना व्हिडिओ काढा, फुटके तुकडे आणि खोकी दोन्ही जपून ठेवा. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत रजिस्टर पोस्टाने पाठवा; कॅरेज बाय रोड कायदा, २००७ मध्ये ही मुदत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगाकडे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.