क्विल्टसाठी महागडं मशीन: शेकडो टाक्यांचं की फक्त सरळ टाक्याचं?

संगणकीकृत मशीनवर शेकडो टाके, अक्षरं, वेलबुट्ट्या असतात. क्विल्ट (तुकडे जोडून केलेली तीन थरांची गोधडी) करणाऱ्यांच्या रोजच्या वापरात त्यातला सरळ टाका, झिगझॅग आणि अॅप्लिकसाठी (कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार शिवण्यासाठी) ब्लँकेट टाका, एवढेच येतात. खरं सुख देतात ती साधी बटणं: थांबताना सुई खालीच ठेवणारं, दोरा कापणारं. कापड दाबून धरणारा फूट गुडघ्याने उचलायचा दांडा तर अनेकजणी खोक्यातून बाहेरच काढत नाहीत. लावून बघा, दोन्ही हात कापडावर राहतात.

जुकी टीएल-२०१०क्यूसारखं मशीन फक्त सरळ टाका घालतं, तेही मिनिटाला १,५०० पर्यंत. त्याच्या सुईखालच्या प्लेटला सुईपुरतं बारीक भोक असल्याने त्रिकोणी तुकड्याचं टोक आत ओढलं जात नाही. संगणकीकृत मशीनच्या प्लेटला ९ मिमी झिगझॅगसाठी रुंद फट असते, तिच्यात ते हमखास अडकतं. तिथे एका भोकाची प्लेट वेगळी लावावी लागते. ती काढायची विसरून झिगझॅग निवडला की सुई तुटलीच!

तुकडे जोडताना टाका २ ते २.२ मिमी लांबीचा, सुई ८०/१२ नंबरची. तीन थर शिवताना २.५ ते ३ मिमी, ९०/१४. वरचा थर पुढे सरकून चुण्या पडत असतील, तर दोन्ही मशीनना वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्याबरोबर सरकवणारा फूट) हवा. वरून कापड ओढणारी यंत्रणा आतच असेल तर नको. मुक्तहस्त क्विल्टिंगच्या (कापड हातानेच फिरवत नक्षी शिवण्याच्या) सुरुवातीला बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या, नाहीतर खाली गुंता होतो.

अॅप्लिक करत नसाल, तर सरळ टाक्याचंच घ्या.