आधी गोष्ट वाचा, मग क्रिट रेट बघा : गेनशिन इम्पॅक्टचे आर्टिफॅक्ट

गेनशिन इम्पॅक्ट या व्हिडिओ गेममधलं सगळ्यात चांगलं लिखाण कुठे सापडतं असं कुणी विचारलं, तर मी मुख्य कथेचं नाव घेणार नाही. आर्टिफॅक्टचं, म्हणजे कॅरॅक्टरच्या अंगावर घालायच्या वस्तूंचं घेईन. ज्या वस्तू आपण निव्वळ आकड्यांसाठी गोळा करतो, आकडे मनासारखे निघाले नाहीत की दुसऱ्या आर्टिफॅक्टची लेव्हल वाढवायला खर्ची घालतो, त्यातल्या प्रत्येक वस्तूमागे कुणाचं तरी आयुष्य लिहिलेलं आहे. आणि बहुतेक जण ते पान न उघडताच पुढे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. शांघायच्या मिहोयो कंपनीचा हा गेम 28 सप्टेंबर 2020 ला आला. मोबाइल, कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, कशावरही चालतो आणि फुकट आहे. तेवात नावाच्या जगात सात देश आहेत आणि आपण भावाच्या किंवा बहिणीच्या शोधात ते पालथे घालतो. प्रत्येक कॅरॅक्टरला पाच आर्टिफॅक्ट घालता येतात: एक फूल, एक पीस, वेळ मोजणारं काहीतरी, एक पेला आणि डोक्यावर घालायची एखादी वस्तू. फुलावर मुख्य आकडा नेहमी एचपीचाच (जीव) असतो, पिसावर नेहमी अटॅकचाच. उरलेल्या तिघांवर काय निघेल ते नशीब. एकाच संचाच्या चार वस्तू जमल्या की वेगळी ताकद मिळते, म्हणून सगळी धडपड.

आता यातली लेखकांची अडचण बघा. संच कुठलाही असो, गोष्ट याच पाच वस्तूंमधून सांगायची. राणी असो, शिकारी असो, गुलाम असो, त्याच्या आयुष्यात एक फूल, एक पीस, एक घड्याळ, एक पेला आणि डोक्यावरचं काहीतरी सापडलंच पाहिजे. या सक्तीतूनच चांगलं काम झालंय असं माझं मत आहे. वीस ओळींच्या मजकुरात पाल्हाळाला जागाच नाही.

मी सांगलीत एका औषधाच्या दुकानात हिशेब बघते. रात्री जेवणं आटोपली, भांडी झाली की तासभर खेळते. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा को-ऑपमध्ये, म्हणजे माझ्यासोबत ऑनलाइन खेळायला येतो. त्याचं लक्ष सगळं सबस्टॅटवर, म्हणजे मुख्य आकड्याखालच्या छोट्या आकड्यांवर, त्यातही क्रिट रेटवर, म्हणजे एखादा वार जास्त जोरात बसायच्या शक्यतेवर. मी नवीन फूल मिळालं की आधी त्याचं वर्णन उघडते, तेवढ्यात याचा आवाज: "मावशी, क्रिट आलंय का ते सांग आधी." मी सांगते, "थांब रे, ही बाई कोण होती ते तर वाचू दे."

ती बाई म्हणजे क्रिमसन विच. 'क्रिमसन विच ऑफ फ्लेम्स' हा संच लीयू देशातल्या 'हिडन पॅलेस ऑफ झोउ फॉर्म्युला' या डोमेनमध्ये (बक्षिसासाठी लढायची बंदिस्त जागा) मिळतो. आगीच्या कॅरॅक्टरसाठी वर्षानुवर्षं हाच संच पहिल्या पसंतीचा होता; हू ताओ या कॅरॅक्टरला तर बहुतेकांनी हाच घातला. दोन वस्तूंवर 15 टक्के जास्त पायरो (आगीचं) डॅमेज, चार वस्तूंवर व्हेपराइझ आणि मेल्ट (आग पाण्याला किंवा बर्फाला भिडली की होणारं डॅमेज) आणखी 15 टक्क्यांनी वाढतात. इतकं सगळ्यांना पाठ असतं. गोष्ट अशी आहे: मोंडस्टाट देशाची एक मुलगी सुमेरू देशाच्या अकादमीत शिकायला जाते. तिच्या माघारी गावावर राक्षसांचं संकट कोसळतं आणि ज्याच्यासाठी ती परत यायची तो माणूस त्यात जातो. मग ती स्वतःलाच आगीच्या स्वाधीन करते आणि राक्षस दिसेल तिथे जाळत सुटते. ज्यांना ती वाचवते तेसुद्धा तिला भिऊन दूर पळतात.

खरी गंमत पुढे आहे. एप्रिल 2021 मध्ये 1.5 आवृत्तीत 'पेल फ्लेम' नावाचा संच आला. त्यातलं 'स्टेनलेस ब्लूम' हे फूल वाचलं की कळतं, ती बाई संपली नव्हती. स्वतःच्याच आगीत जळून जायच्या बेतात असताना फातुई या खलनायकांच्या संघटनेचा पियेरो तिला भेटला आणि बर्फाच्या शक्तीने ती आग दाबून ठेवायचा मार्ग त्याने तिला दिला. म्हणजे ही फातुईची ला सिन्योरा! मोंडस्टाटमध्ये चर्चच्या दारात व्हेंटीला, म्हणजे वाऱ्याच्या देवाला, लाथ घालून त्याचा ग्नोसिस (देवपणाची खूण) हिसकावून नेणारी, आपण सगळे जिच्या नावाने बोटं मोडत होतो ती. सप्टेंबर 2021 मध्ये इनाझुमा देशाच्या कथेत तिच्याशी लढाई झाली. आधी बर्फ, मग बर्फ झुगारून आग. ज्यांनी दोन्ही संच वाचले होते त्यांना ते आगीचं रूप नवीन नव्हतं. ती आपल्या मूळ रूपात परत आली होती. पुढच्या काही क्षणांत इनाझुमावर राज्य करणाऱ्या रायडेन शोगुनने तिला संपवलं. मुख्य कथेत तिच्या वाट्याला आलेली सहानुभूती नगण्य आहे. तिचं दुःख टोपी, पेला आणि फुलांमध्येच राहिलं. मला ही वाटणी फार आवडते. खलनायिकेची बाजू कथेने आपल्या गळी उतरवलेली नाही. ज्याला हवी त्याने उचलून वाचावी.

माझा सगळ्यात आवडता संच मात्र 'ब्लडस्टेन्ड शिव्हलरी'. फिजिकल डॅमेज करणारी कॅरॅक्टर आता फारशी कुणी खेळत नाही, त्यामुळे हा संच दिसला की लोक सरळ टाकून देतात. 'क्लिअर पूल अँड माउंटन कॅव्हर्न'मध्ये 'नोब्लेस ओब्लीज'साठी खेटे घालताना तो आपोआप साठत जातो. त्यातलं फूल एकदा मोठं करून बघा. पाकळ्या गडद, कडा धातूसारख्या. एका शूर सरदाराने वाचवलेल्या मुलीने त्याला दिलेलं ते साधं फूल. लढता लढता ते रक्ताने इतकं माखलं की वाळून पोलादासारखं कडक झालं. त्याच्या अंगरख्याचं पीसही रक्तानेच काळं पडलेलं. अन्याय दिसेल तिथे तलवार उपसणारा हा माणूस हळूहळू असा होतो की न्याय कुठला आणि कत्तल कुठली हे त्याचं त्यालाच उमगत नाही. शेवटी लोखंडी मुखवटा चढवून तो एका उद्ध्वस्त राज्याच्या अवशेषांपर्यंत पोहोचतो आणि ज्या अंधाराशी लढत होता त्यालाच जाऊन मिळतो.

आता या संचाची चार वस्तूंची ताकद वाचा: शत्रू मारला की पुढचे 10 सेकंद चार्ज्ड अटॅकला (दाबून धरून केलेल्या जोरदार वाराला) स्टॅमिना (दम) लागत नाही आणि त्याचं डॅमेज 50 टक्के वाढतं. म्हणजे मारलं की दमणूक जाते, आणखी मारायची ताकद येते. त्या माणसाची अख्खी घसरण या एका नियमात बसवली आहे. नियम लिहिणारा आणि गोष्ट लिहिणारा एकाच टेबलाशी बसले असावेत असं वाटावं इतकं हे काम नेमकं आहे. सगळ्या संचांत हे साधलेलं नाही. 'ग्लॅडिएटर्स फिनाले'ची ताकद निव्वळ कामचलाऊ आहे, 18 टक्के अटॅक आणि नॉर्मल अटॅकला 35 टक्के. पण गोष्टीच्या बाबतीत हा संच कुणालाही हार जात नाही.

ग्लॅडिएटरचं फूल छातीवर का होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, असं त्याचं वर्णन सुरू होतं. जुन्या मोंडस्टाटमधल्या उमरावांच्या काळातला हा गुलाम, आखाड्यात मालकासाठी लढणारा. त्याच्या जोडीला 'वॉन्डरर्स ट्रूप' वाचायचा: गाणं-बजावणं करत फिरणारी मंडळी, जी उमरावांविरुद्ध बंड करतात आणि हरतात. त्यांच्यातली तलवारबाज मुलगी पकडली जाते आणि त्याच आखाड्यात उतरवली जाते. एकच लढाई, दोन संच, दोन्ही बाजू. तिसरी बाजू 'नोब्लेस ओब्लीज'मध्ये, खुद्द उमरावांची. चांदीची भांडी, खिशातलं घड्याळ, मेजवानीचे मुखवटे. आणि मग आजच्या मोंडस्टाटमध्ये युला लॉरेन्स भेटते, त्याच घराण्यातली. लोक अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. ते का, हे तीन संच वाचल्यावर अंगावर येतं. ट्रूपचं बंड फसलं, पुढे व्हेनेसा या योद्धीने ते तडीस नेलं, त्याला कथेत हजारेक वर्षं झाली. राग अजून गेलेला नाही.

'हस्क ऑफ ऑप्युलंट ड्रीम्स'बद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. रायडेन शोगुनमागची देवता एई, हिने घडवलेली एक बाहुली, जी झोपेत रडली म्हणून तिने मोडली नाही, सोन्याचं पीस देऊन एका वाड्यात झोपवून ठेवली. हीच पुढे फातुईचा स्कारामूश होते. डिसेंबर 2022 च्या 3.3 आवृत्तीत तो इरमिन्सुल नावाच्या स्मृतिवृक्षात शिरून स्वतःला इतिहासातून पुसून टाकतो आणि सगळं जग त्याला विसरतं. ती क्वेस्ट संपवून आर्काइव्ह (खेळातला माहितीसंग्रह) उघडलं तर या संचाचा मजकूरही बदललेला असतो! कथेत इतिहास पुसला गेला, आणि आपल्या पिशवीतल्या वस्तूंवरूनही गेला. जुना मजकूर वाचलेला असेल तरच काय हरवलंय ते कळतं. खेळाने वाचणाऱ्याचा इतका मान राखलेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

आता तक्रारी, आणि त्या मोठ्या आहेत.

हे सगळं खेळात दडवून ठेवलं आहे. खेळाच्या मुख्य (पायमॉनच्या) मेनूत आर्काइव्ह, त्यात आर्टिफॅक्ट, त्यात संच, त्यात एकेक वस्तू. मोबाइलवर अक्षर बारीक, मोठं करायची सोय नाही. कुठल्या संचाची गोष्ट कुठल्या संचाला जोडलेली आहे याची साधी खूणही नाही. वस्तू हाती येते त्या क्षणी पडद्यावर फक्त आकडे दिसतात. तिथेच गोष्टीच्या दोन ओळी दाखवल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

दुसरी गोष्ट रेझिनची, म्हणजे बक्षीस घ्यायला लागणाऱ्या, वेळेनुसार भरत जाणाऱ्या इंधनाची. डोमेनच्या एका बक्षिसाला 20 रेझिन, आणि एक रेझिन भरायला 8 मिनिटं. साठा आता 200 पर्यंत होतो, आधी 160 होता. हवा तो संच, हवी ती वस्तू, हवा तो मुख्य आकडा आणि वर चार सबस्टॅट धड, हे सगळं जुळणं निव्वळ नशिबावर. लेव्हल 20 पर्यंत नेताना दर चार लेव्हलला एक सबस्टॅट वाढतो आणि तो नेमका डिफेन्सच निघतो. या मेहनतीचा शीण इतका असतो की माणूस वस्तूकडे प्रेमाने बघायचंच सोडून देतो. चांगल्या लिखाणाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. नको असलेल्या तीन पंचतारांकित वस्तू देऊन जुन्या संचांतली एक मिळवायची सोय आहे, ती वापरा. थोडा दिलासा मिळतो.

आणि भाषा. सुमेरूच्या जंगलातल्या क्वेस्टची नावं अरण्यक, वरुण गाथा, अग्निहोत्र सूत्र, विमान आगम अशी आहेत, पण खेळात एकही भारतीय भाषा नाही. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून विचची गोष्ट मी तिला तोंडी सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "मग तिला कुणीच विचारलं नाही का, बाई तुला झालं काय?"

पैशांचं म्हणाल तर आर्टिफॅक्ट थेट विकत मिळत नाहीत. प्रिमोजेम (खेळातलं चलन) देऊन रेझिन भरता येतं, पण गोष्टीसाठी त्याची काहीच गरज नाही. वाचायला संचातली साधी, कमी ताऱ्यांची वस्तू मिळाली तरी पुरते. लिखाणाला पाचपैकी पाच, ते वाचकापर्यंत पोहोचवण्याला दोन. नव्याने सुरू करत असाल तर आधी ग्लॅडिएटर आणि ट्रूप वाचा, बॉस मारतानाच दोन्ही मिळतात. क्रिमसन विच आणि पेल फ्लेम इनाझुमाला जायच्या आधी संपवा. आणि 3.3 ची क्वेस्ट अजून केली नसेल, तर हस्कच्या पाचही पानांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.