मिमोसा की आमरसाची बेलिनी? आधी पाहुणे किती ते सांगा

शनिवारी घरी आठ जण येणार आहेत, कोणीतरी नाशिकहून आणलेल्या स्पार्कलिंग वाईनच्या दोन बाटल्या कपाटात पडून आहेत, आणि नुसती वाईन अर्ध्या लोकांना आंबट लागते म्हणून फळांच्या रसात काहीतरी करायचंय, पण नेमकं काय ते ठरत नाहीये, अशा माणसासाठी हे लिहितेय. मिमोसा, आमरसाची बेलिनी आणि कोकम घातलेली वाईन, हे तिन्ही प्रकार मी बऱ्याचदा केलेत, दोन वेळा तोंडावर पण पडलेय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजते.

आधी बाटलीचं बघू, कारण ते तिन्हीला सारखंच आहे. लेबलवर ब्रुट लिहिलेली घ्या. सुलाची ब्रुट किंवा दिंडोरीत बनणारी शाँडोनची ब्रुट, दोन्ही चालतात. ब्रुटमध्ये साखर लिटरला १२ ग्रॅमच्या आत असते, आणि गोडवा तर फळातून येणारच आहे. फसायला होतं ते एक्स्ट्रा ड्राय या शब्दाला. वाटतं हिच्यात साखर सगळ्यात कमी असेल, पण ती ब्रुटपेक्षा गोड असते, १२ ते १७ ग्रॅम. आणि परदेशातून कोणी खरी महागडी शॅम्पेन आणली असेल तर ती प्लीज रसात ओतू नका, ते बारीक बुडबुडे आणि तो वास, सगळं संत्र्याखाली गाडलं जातं. ती नुसती प्या.

आता मिमोसा. संत्र्याचा रस आणि स्पार्कलिंग, निम्मं निम्मं. लंडनच्या बक्स क्लबमध्ये १९२१ साली असंच एक पेय सुरू झालं, बक्स फिझ, त्यात वाईन दोन भाग आणि रस एक भाग. मिमोसा त्यानंतर पॅरिसमध्ये आलं असं सांगतात. नाव पिवळ्या फुलावरून पडलंय. बॉटनीवाले म्हणतील मिमोसा म्हणजे लाजाळू, पण हे फूल वेगळं, आपल्या बाभळीच्या चुलत बहिणीचं, तसेच पिवळे गोंडे असतात.

मिमोसाचा मोठा फायदा म्हणजे रस पातळ असतो. वाईन आधी, रस वरून, ढवळायची गरज नाही, रस जड असल्याने आपोआप खाली जातो आणि मिसळतो. एकीकडे कोथिंबीर वडी तळत तळत दुसऱ्या हाताने होण्यासारखं काम आहे. शिवाय पुरवठ्याला येतो. १२० मिलीचा ग्लास धरला तर ६० मिली वाईन, आठ जणांना दोन-दोन म्हणजे सोळा ग्लास, ९६० मिली. दीड बाटलीसुद्धा लागत नाही.

पण संत्र्याची एक खोड आहे. नागपुरी संत्र्याचा रस आधी काढून ठेवला की कडवट होत जातो, बिया आणि साल मिक्सरमध्ये भरडली गेली असेल तर अजूनच. मोसंबीचं पण तेच, म्हणून तर रसवाला समोर काढून देतो आणि आपण तिथेच उभं राहून पितो. त्यामुळे सकाळी रस काढून फ्रीजमध्ये ठेवते आणि संध्याकाळी मोकळी होते, हा प्लॅन इथे चालत नाही. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी, हाताच्या प्रेसवर, बिया काढून, आणि संत्री मात्र आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये म्हणजे रस निघतानाच गार. लिटरभर रसाला साधारण अडीच-तीन किलो संत्री धरा. एवढं जमणार नसेल तर सरळ पॅकेटचा आणा, फक्त त्यावर शंभर टक्के ज्यूस लिहिलेलं बघा, साखरेचं पाणी घातलेलं ड्रिंक नको. आणि नुसत्या मोसंबीच्या वाटेला जाऊ नका, आंबटपणाच नसल्याने चव अगदी मिळमिळीत होते, घालायचीच असेल तर सोबत थोडं लिंबू पिळा.

आता बेलिनी, आणि मला खरं प्रेम हिचंच आहे. मूळची व्हेनिसच्या हॅरीज बारची, जुझेप्पे चिप्रियानी यांची, पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको, म्हणजे इटलीची स्पार्कलिंग वाईन. तिचा गुलाबीसर रंग बघून त्यांना जोव्हान्नी बेलिनी या चित्रकाराची आठवण झाली, म्हणून हे नाव. आपल्याकडे चांगलं पीच शोधत कोण फिरणार, पण मे महिन्यात घरात आमरस असतोच की! तर आमरसाची बेलिनी. हापूसची करून बघितली, पायरीची पण करून बघितली, आणि माझं मत पायरीला. हापूसचा रस घट्ट आणि गोडमिट्ट, वाईन त्यात दबून जाते. पायरी पातळ, जराशी आंबट, बुडबुड्यांशी तिचं जमतं.

पहिल्या वेळेला मी काय केलं, तर ग्लासात तीन बोटं हापूसचा रस घातला आणि बाटली वरून भसाभसा ओतली. पुढच्या दोन सेकंदात पिवळा फेस ग्लासावरून, टेबलावरून, नव्या पांढऱ्या टेबलक्लॉथवरून खाली, आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, इनो घातलंस का त्यात?" त्याचं कारण असं की गरातल्या बारीक रेषांवर बुडबुड्यांना धरायला जागा मिळते, सगळा गॅस एकदम सुटतो. मग आता मी रस बारीक गाळणीतून गाळून घेते, अर्धा चमचा लिंबू, आणि कडक गार करते, कारण कोमट रसात फेस जास्त होतो. ग्लासात ३० मिली रस, त्यावर दोन चमचे वाईन, लांब चमच्याने तळापासून हलक्या हाताने एकत्र, फेस बसेपर्यंत थांबायचं, मग ग्लास तिरका करून उरलेली वाईन कडेने, सगळी मिळून ९० मिली. एका ग्लासाला मिनिटभर तरी जातो. चार जण असतील तर मजा येते, किचनच्या ओट्याशी गप्पा मारत होतं. आठ जणांचे सोळा ग्लास म्हणजे तुम्ही पार्टीला नाहीच, तुम्ही बारटेंडर. आणि वाईन लागते १४४० मिली, म्हणजे दोन बाटल्या पूर्ण संपल्या, सांडायला एक थेंब नाही.

तिसरं कोकम. हे करायला सगळ्यात सोपं, कारण करायचं काहीच नाही. ग्लासात १५ मिली अमृत कोकम, वरून ब्रुट. फ्रान्समध्ये किर रोयाल करतात ना, काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या आंबट बेरीच्या गोड लिकरवर शॅम्पेन, तसाच हिशोब. रंग असा येतो की लोक फोटो काढतात. पण बाटलीवर अमृत कोकम लिहिलंय ना, हे दोनदा वाचा! मी एकदा घाईत आगळ घातलं. आगळात मीठ असतं. पाहुण्यांपैकी एकाने घोट घेतला, डोळे मिचकावले आणि म्हणाला, "सोलकढी छान आहे, नारळ कमी पडलाय." तेव्हापासून आगळाची बाटली वेगळ्या कपाटात.

डाळिंबाबद्दल विचारतात म्हणून थोडक्यात. हॅरीज बारमध्येच त्याचं पण एक पेय आहे, तिंतोरेत्तो, आणि रंग सुंदर येतो, पण दाणे मिक्सरला लावले की बिया भरडून रस तुरट होतो, आणि फडक्यातून हाताने पिळायचं म्हणजे ओट्यापासून भिंतीपर्यंत डाग. हौस असेल तर करा, मी नाही करत.

तर शनिवारचं काय? आठ जण आणि हिवाळा असेल तर डोळे मिटून मिमोसा. मे महिना, चार जण, सगळे जवळचे, तर पायरीची बेलिनी. पावसाळ्यात, किंवा ऑफिसातून सातला घरी येणार आणि पाहुणे साडेसातला, तर कोकम. त्यात अजून एक सोय आहे, जे गाडी चालवून परत जाणारेत आणि ज्या आजी घेत नाहीत त्यांना त्याच ग्लासात अमृत कोकम आणि गार सोडा द्यायचा, बाहेरून ओळखू येत नाही आणि कोणाला वेगळं बसवल्यासारखं पण वाटत नाही.

बाटली किमान चार तास फ्रीजमध्ये हवी. विसरलात तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, अर्ध्या तासात काम होतं, फ्रीझरमध्ये टाकून विसरू मात्र नका. आत दाब पाच-सहा वातावरणांचा असतो, गाडीच्या टायरपेक्षा दुप्पट तरी, म्हणून तार सोडवल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही, बाटली तिरकी, तोंड माणसांपासून लांब, आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. फट्ट आवाज यायलाच हवा असं काही नाही, हलकासा सुस्कारा आला की समजा नीट उघडली.

मिमोसा केलंत तर अर्ध्याहून जास्त बाटली उरेल. स्पार्कलिंगचं क्लिपवालं झाकण मिळतं ते लावून फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीही बरी राहते. बाटलीच्या तोंडात स्टीलचा चमचा उलटा ठेवला की गॅस टिकतो असं कोणीतरी तुम्हाला हमखास सांगेल. मी ठेवून बघितलाय, गॅस गेला तो गेलाच, वर सकाळी चहाला चमचा सापडेना.